अंगावरचं दूध पुरेसं असताना ‘डी’चे थेंब कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी चार महिन्यांची आहे. फक्त अंगावर पिते, वजनही छान वाढतंय. जन्मानंतरच्या पहिल्याच भेटीत बालरोगतज्ज्ञांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायला सांगितले होते. काही दिवस दिले. मग सासूबाई म्हणाल्या, आईच्या दुधात सगळं असतं, एवढ्याशा जिवाला औषधं कशाला? खरं सांगते, थेंब लिहून दिले तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. माझ्या दुधात काही कमी आहे का, असंच मनात आलं. त्यामुळे बंद केले, त्याला आता दोन महिने झाले. त्याऐवजी रोज सकाळी तिला खिडकीपाशी उन्हात घेऊन बसते. वारा लागू नये म्हणून काच बंद ठेवते. पण आता तिचे पाय मला वाकडे दिसायला लागलेत आणि झोपेत डोक्याला घाम येतो. हाडं मऊ पडतात तो मुडदूस तर नसेल ना? रक्त तपासून घेऊ का? की मीच ‘डी’च्या गोळ्या घेतल्या तर दुधातून तिला मिळेल? काल घाबरून नवी बाटली आणली, तर तिच्यावरचं माप जुन्या बाटलीपेक्षा वेगळंच आहे. काय करू? – एक काळजीत पडलेली आई

उत्तर : थेंब पुन्हा सुरू करा. मात्र नव्या बाटलीचं झाकण उघडण्याआधी खाली मापाबद्दल जे लिहिलंय ते वाचा. तुमच्या सगळ्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती त्या शेवटच्या वाक्याची. पाय आणि घाम यांची त्या मानाने फारच कमी.

तरी आधी दुधाबद्दल बोलू, कारण तुम्ही अडखळलात ते तिथे. आईच्या एक लिटर दुधात ड जीवनसत्त्व साधारण २० ते ७० युनिट असतं. तुमच्या मुलीच्या वयाचं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. म्हणजे तिच्या पोटात फार तर ५० युनिट जातात आणि तिची गरज आहे रोज ४०० युनिटची. हा हिशोब फक्त तुमचा नाही, अगदी धडधाकट, उत्तम आहार घेणाऱ्या आईचाही जवळपास हाच असतो. त्यामुळे ‘माझ्या दुधात कमी आहे का’ या प्रश्नात ‘माझ्या’ हा शब्द आणायचं कारणच नाही.

ड जीवनसत्त्व मुळात दुधातून मिळायचं नसतंच. ते माणसाच्या कातडीत तयार होतं. उन्हातले अतिनील ‘बी’ किरण त्वचेवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून ते बनतं, पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याच्यावर प्रक्रिया होते आणि तेव्हा कुठे ते कामाला लागतं. यकृतात तयार होणारं रूप रक्तात काही आठवडे टिकतं, पण दुधात ते फारसं उतरत नाही. दुधात उतरतं ते कच्चं, प्रक्रिया न झालेलं रूप, आणि ते आईच्या रक्तात जेमतेम दिवसभर राहतं. घराबाहेर, उन्हात दिवस घालवणाऱ्या आईच्या दुधात ते थोडं जास्त मिळेल. आज आपल्यातल्या किती बायकांचा दिवस तसा जातो?

बाळ जन्माला येताना थोडी शिदोरी घेऊन येतं. वारेतून आईकडचं ड जीवनसत्त्व त्याला मिळालेलं असतं, पण त्याची रक्तातली पातळी आईपेक्षा कमीच असते. ही शिदोरी दोन-तीन आठवड्यांत निम्मी होते आणि मग तिच्याही निम्मी. आईकडेच गरोदरपणात कमतरता असेल तर बाळ जवळजवळ रिकाम्या हातानेच येतं. म्हणून थेंब जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सुरू करतात. बाळ अशक्त दिसायला लागण्याची वाट बघत नाहीत. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला २००८ पासून हाच आहे. त्याआधी ती संघटना २०० युनिट पुरे म्हणायची, मग तिने ती मात्रा ४०० केली. २०१६ मध्ये मुडदुसाबद्दल जगभरातल्या तज्ज्ञांची जी एकत्रित शिफारस आली, तिच्यातही पहिल्या वर्षभर प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट असंच म्हटलंय, मग ते अंगावरचं पीत असो की डब्याचं.

कॅल्शियमचं मात्र उलट आहे आणि ते तुम्ही ऐकायलाच हवं. दुधातलं कॅल्शियम तुम्ही काय खाता यावर फारसं अवलंबून नसतं. शरीर ते गरज पडली तर तुमच्या हाडांतून काढून दुधात घालतं आणि पाजणं थांबलं की बहुतेक बायकांच्या हाडांत ते पुन्हा भरलं जातं. आईच्या दुधातलं कॅल्शियम बाळाच्या अंगी लागतंही चांगलं. सासूबाई दुधाला पूर्णान्न म्हणतात ते यासाठी बरोबरच आहे. त्यांच्या यादीत ‘ड’ हे एक अक्षर तेवढं बसत नाही.

आता खिडकी. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश पाडला आणि क्ष-किरण चित्रांत त्यांची हाडं सुधारताना दाखवली. एका मुलाच्या फक्त एकाच हातावर प्रकाश टाकला तर दुसऱ्या हाताची हाडंही भरून आली. म्हणजे कातडीत जे काही तयार होत होतं ते रक्तातून सगळीकडे जात होतं. ते नेमकं काय, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ‘व्हिटॅमिन डी’ हे नाव १९२२ मध्ये अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ एल्मर मॅकॉलम यांच्या कामानंतर मिळालं. तुमच्या दृष्टीने या गोष्टीतला महत्त्वाचा तपशील असा, की हुल्डशिन्स्कींचा दिवा क्वार्ट्झ या स्फटिकाचा होता. साध्या काचेतून ते किरण बाहेरच पडत नाहीत.

तुमच्या खिडकीची काच साधी आहे. तिच्यातून उजेड येतो, ऊब येते, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण तेवढे अडतात. काच उघडलीत तरी सकाळच्या कोवळ्या, तिरप्या उन्हात ते किरण फार कमी असतात, कारण त्यांना वातावरणाचा जाड थर ओलांडून यावं लागतं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल तर त्या उन्हातून विशेष काही मिळत नाही, असा ढोबळ अंदाज धरा. सावली आखूड पडते ती भर दुपारच्या आसपास, आणि त्या उन्हात चार महिन्यांच्या बाळाला उघडं ठेवा असं कुठलाही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना थेट उन्हापासून लांबच ठेवा असं सांगतात, त्यांची कातडी पटकन भाजते. शिवाय सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, आणि ऋतू, ढग, धूर, अंगावरचे कपडे या सगळ्यांनी मात्रा बदलत राहते. उन्हाची ‘रोज एवढी’ अशी मात्रा ठरवताच येत नाही. सकाळी तिला घेऊन खिडकीत बसणं तुम्हा दोघींना आवडत असेल तर जरूर बसा. औषध म्हणून बसू नका, इतकंच.

पाय. चार महिन्यांच्या प्रत्येक बाळाचे पाय कमानीसारखे असतात. पोटात मांडी घालून महिनोन् महिने बसलेलं असतं ते! दीड-दोन वर्षांपर्यंत ही कमान हळूहळू सरळ होते आणि गंमत म्हणजे तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे उलट एकमेकांकडे वळतात, तेव्हा आयांची नवी फेरी सुरू होते. तेही बहुधा आपोआप जातं. मुडदुसाने पाय वाकतात ते मुख्यतः बाळ उभं राहायला, चालायला लागल्यावर, शरीराचा भार मऊ हाडांवर आला की. डोक्याच्या घामाचं म्हणाल तर तो मुडदुसात दिसू शकतो हे खरं, पण झोपेत डोक्याला घाम येणारी निरोगी बाळं इतकी असतात की त्या एका लक्षणावरून मी काहीच म्हणणार नाही. आधी एक दुपटं कमी करून बघा.

मग या वयात डॉक्टर काय बघतात? हाडाच्या टोकाशी, जिथे हाड लांबीला वाढतं तिथे, आधी कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, साचा तयार होतो आणि मग त्यात कॅल्शियम-फॉस्फरस बसून ती टणक होते. ड जीवनसत्त्व नसेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसं शोषलंच जात नाही. सळया बांधून तयार आहेत आणि काँक्रीट येत नाही, तरी मजूर सळया बांधतच सुटलेत, अशी अवस्था होते. म्हणून जिथे वाढ जोरात चालू असते तिथे सूज आल्यासारखं दिसतं : मनगटं रुंद होतात, छातीच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या टोकांशी मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात, आणि डोक्याचं मागचं किंवा बाजूचं हाड दाबल्यावर आत जाऊन परत येतं. हे शेवटचं लक्षण पहिल्या काही आठवड्यांत निरोगी बाळातही सापडतं. कृपा करून घरी दाबून बघू नका. पुढे टाळू उशिरा भरणं, दात उशिरा येणं, बसणं-उभं राहणं लांबणं या गोष्टी दिसू शकतात. त्यातही दात नुसतेच उशिरा येणारी बाळं पुष्कळ असतात. वर्ष होईपर्यंत एकही दात नाही, असंही एखाद्या ठणठणीत बाळाच्या बाबतीत होतं.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. काही महिन्यांच्या बाळात ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता हाडांत दिसण्याआधी रक्तातलं कॅल्शियम घसरून दिसते. बाळाला झटके येणं, हातपाय एकदम ताठ होणं, श्वास आत घेताना घशातून चिरका आवाज येणं, निळं पडणं, किंवा पिताना दम लागून ते पिणंच सोडून देणं, यांतलं काहीही झालं तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालय गाठायचं. क्वचितच होतं, पण होतं, आणि वेळेवर कॅल्शियम मिळालं तर बाळं सावरतात.

तुमची मुलगी छान पिते, वजन वाढतंय, आणि झटक्यांसारखं काही तुम्ही लिहिलेलं नाही. अशा बाळाचं रक्त केवळ ‘डी’ किती आहे हे बघायला काढायची गरज नसते. सगळ्या बाळांची सरसकट तपासणी करा असं कुणी सुचवतही नाही. आकडा काहीही आला तरी रोजचे ४०० युनिट द्यायचेच आहेत, मग सुई कशाला? तपासणीची वेळ येते ती लक्षणं दिसली तर, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर, यकृत-मूत्रपिंडाचा किंवा अन्न न शोषलं जाण्याचा आजार असेल तर, फिटची काही औषधं चालू असतील तर, किंवा आईलाच मोठी कमतरता निघाली असेल तर. तेव्हाही नुसत्या ‘डी’च्या आकड्यावर मुडदूस ठरत नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या वाढीशी संबंधित एक विकर), पॅराथायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथींचं संप्रेरक आणि मनगटाचा एक्स-रे मिळून निदान होतं. त्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या बाळात मोठ्यांपेक्षा जास्तच असतं. प्रयोगशाळेने मोठ्यांची मर्यादा छापून शेजारी ठळक खूण केली असेल तर ती बघून रडत बसू नका. रक्तातलं ‘डी’ एका मिलीलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर पुरेसं धरतात आणि १२ च्या खाली कमतरता. मुडदूस निघालाच तर वर्षाखालच्या बाळाला साधारण २००० युनिट रोज, किमान तीन महिने, जोडीला कॅल्शियम असा उपचार असतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दोन महिने चुकले म्हणून घरच्या घरी ही मात्रा सुरू करू नका.

तुम्हीच गोळ्या घेण्याची कल्पना वेडगळ नाही, बरं का. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाजणाऱ्या आयांना रोज ६४०० युनिट दिले आणि त्यांच्या बाळांना थेंब दिले नाहीत. त्या बाळांची पातळी, थेंब घेणाऱ्या बाळांइतकीच राहिली. पण आकडा बघा. बाळंतपणानंतरच्या नेहमीच्या गोळ्यांत याच्या कितीतरी कमी असतं, आणि तेवढ्याने दुधात फारसा फरक पडत नाही. मोठ्यांसाठी रोज ४००० युनिट ही सर्वसाधारण वरची मर्यादा मानतात, त्याहून हे जास्त आहे. शिवाय तुम्ही गोळी विसरलात, मुलीचं अंगावरचं पिणं कमी झालं, की तिची मात्रा कमी झाली, आणि ती किती झाली हे कळायचा मार्ग नाही. म्हणून बाळाला थेट थेंब हाच रस्ता मी धरेन. तुमच्या डॉक्टरांना विचारून स्वतःची तपासणी जरूर करा, गोळ्याही घ्या, पण त्या तुमच्या स्वतःच्या हाडांसाठी.

आता ती बाटली.

‘डी’चे थेंब वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळतात. कुठल्या बाटलीत एका मिलीलिटरला ४०० युनिट, कुठल्या बाटलीत ८०० आणि काही बाटल्यांत एकाच थेंबात ४०० युनिट असतात. दिसायला बाटल्या सारख्याच. एक मिलीत वीस ते तीस थेंब मावतात. आता समजा, जुन्या बाटलीतून तुम्ही ड्रॉपर भरून एक मिली देत होतात आणि नव्या बाटलीत एका थेंबाला ४०० युनिट आहेत. जुन्या सवयीने एक मिली दिलंत तर बाळाच्या पोटात आठ ते बारा हजार युनिट गेले. रोज. याच प्रकारच्या चुकीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये पालकांना आणि उत्पादकांना जाहीर इशारा दिला होता आणि बाटलीसोबतच्या ड्रॉपरमध्ये ४०० युनिटपेक्षा जास्त मावूच नये असं सुचवलं होतं.

म्हणून बाटली हातात घ्या आणि लेबलवर ‘प्रति मिली’ लिहिलंय की ‘प्रति थेंब’ ते शोधा. युनिटऐवजी मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. प्रति मिली ४०० असेल तर एक मिली, ८०० असेल तर अर्धा मिली, प्रति थेंब ४०० असेल तर एकच थेंब. जुना ड्रॉपर आजच फेकून द्या, नव्या बाटलीला तो चुकूनही लावू नका. चमच्याने मोजू नका. बाळाला दुसरे कुठले मल्टिव्हिटॅमिनचे थेंब चालू असतील तर त्यातही ‘डी’ असतं, ते धरूनच बेरीज करा. आणि मोठ्यांसाठी जी आठवड्याची मोठी मात्रा असते, तिची पुडी किंवा बाटली ‘थोडीशी’ करून बाळाला देण्याचा उद्योग तर अजिबातच नको. शंका असेल तर लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. त्यांना हा प्रश्न बावळट वाटणार नाही, उलट बरं वाटेल.

पहिल्या सहा महिन्यांत रोज १००० युनिट आणि पुढच्या सहा महिन्यांत १५०० ही वरची मर्यादा मानतात. एखाद्या दिवशी थेंब दोनदा दिला गेला तर घाबरण्यासारखं काही नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे द्या. धोका असतो तो आठवडेच्या आठवडे जास्त मात्रा जात राहिली तर. तेव्हा रक्तातलं कॅल्शियम वाढतं, बाळ पिईनासं होतं, उलट्या होतात, शी कडक होते, लघवी फार होते, वजन घटतं आणि मूत्रपिंडांना इजा होते. तसं काही दिसलं तर थेंब थांबवून लगेच दाखवा.

देण्याची युक्ती सोपी आहे. ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडा. घशावर पिचकारी मारली की बाळ ठसकतं आणि मग बाटली दिसली तरी तोंड फिरवतं. एक-थेंबी बाटली असेल तर थेंब स्तनाग्रावर टाकून लगेच पाजलं तरी चालतं. तेलातला थेंब पडायला वेळ लागतो, बाटली उपडी धरून वाट बघा, हलवून दोन पाडू नका. एखादा दिवस राहिला तर राहिला. दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचं नाही, आणि तुमच्या दोन महिन्यांचीही भरपाई करायची नाही.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं म्हणून थेंब थांबवू नका. ‘डी’ नैसर्गिकपणे असलेले पदार्थ मोजकेच आहेत, तेलकट मासे, अंड्याचा बलक वगैरे, आणि त्या वयात ते खाल्लं जातं ते चिमूटभर. किमान वर्षाचा वाढदिवस होईपर्यंत चालू ठेवा, पुढचं तेव्हा विचारा.

सासूबाईंशी वाद घालू नका असं मी सांगणार नव्हते, कारण तो सल्ला देणं फार सोपं असतं. पण एक करून बघा. दूध पूर्णान्न आहे हे त्यांचं म्हणणं आधी मान्य करा, मग काचेची गोष्ट सांगा, आणि रोजचा थेंब देण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवा. माप एकदा तुम्ही त्यांच्यासमोर दाखवा. बाटलीवर उघडल्याची तारीख आणि ‘रोज किती’ हे ठळक लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही सकाळी आणि त्यांनी संध्याकाळी असा दुहेरी डोस होणार नाही. नातीला औषध देणाऱ्या आजीला त्या औषधाबद्दल ममत्व वाटायला लागतं, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

लसीची पुढची भेट फार लांब असेल तर तोवर थांबू नका, या आठवड्या-दोन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांना गाठा. थेंब मधे दोन महिने बंद होते हे सरळ सांगा. दोन्ही बाटल्या सोबत न्या. ते तिची मनगटं, बरगड्या आणि डोकं चाचपून बघतील, वजन-उंची-डोक्याचा घेर तक्त्यावर मांडतील, आणि तपासणी करायची की नाही हे त्यानंतर पाच मिनिटांत ठरेल.